पाण्यात पाय देणारी सखाबाई

सखाबाईकडून मासळी घेणं म्हणजे डोक्याला ताप होता. टोपलीतली मरळ जरा उचलून पाहिली की ती म्हणायची, "मंजूबाई, साडी नाही व ते, उलटीपालटी करून पाहाले." माझं सिहोऱ्यात कापडाचं दुकान. माहेर आंधळगावचं, हातमागवाल्यांच्या घरातलं, त्यामुळे कुठलीही वस्तू उलटून पाहिल्याशिवाय माझं समाधान होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक. मग मीही म्हणायची, "तुही मरळ कालची हाय." त्यावर ती मरळीच्या शेपटीला टिचकी मारायची. मरळ अशी उसळायची की माझ्या पायऱ्या ओल्या व्हायच्या, आणि सखाबाई शेजारच्या भाजीवालीकडे बघून खदखदून हसायची. ती माझ्यापेक्षा वयानं मोठी, तरी मी तिला एकेरी हाक मारायची आणि ती मला "तुमी" म्हणायची. बाजारात पडलेली रीत, पुढे कुणी बदलली नाही.

ती बपेऱ्याची. वैनगंगेच्या काठी ढिवरांची घरं आहेत, त्यातलं अगदी नदीकडचं घर तिचं. नवरा इतवारी डोंगा, म्हणजे छोटी नाव, घेऊन नदीत जाळं टाकायचा आणि ही मासळी घेऊन सकाळच्या बसनं सिहोऱ्याला यायची, थेट माझ्या दुकानाच्या पायऱ्यांवर बसायची. वासानं गिऱ्हाईक पळतं म्हणून माझ्या सासूनं तिला एकदोनदा उठवलं होतं. मग सखाबाईनं एक दिवस सासूच्या पदरात ताजे झिंगे ओतले आणि जागा कायमची झाली.

त्यांच्या घरात एक रीत होती. सकाळी डोंगा खुंट्यावरून सोडायच्या आधी घरातली बाई नदीवर जायची आणि घोटाभर पाण्यात उभी राहायची. पाणी कालच्यापेक्षा गार आहे का, पायाखालची रेती सरकते का, ओढ किती आहे, हे ती पायानं बघायची. वरच्या अंगाला धरणाची दारं उघडली की इथलं आभाळ कोरडं ठणठणीत असलं तरी नदी चढते, आणि ते डोळ्यांआधी पायाला कळतं असं त्या बायका सांगतात. बाई "जा" म्हणाली की डोंगा सुटणार. नाही म्हणाली तर घरातला कितीही मोठा पुरुष असो, तो दिवसभर जाळं विणत बसणार. सखाबाईची सासू म्हणायची, पुरुषाच्या मनात मासोळी असते, त्याला पाणी दिसत नाही. जिला घरी वाट पाहायची आहे तिनंच पाहून सांगावं. सासू गेल्यावर हे काम सखाबाईकडे आलं. "जा" म्हणून झालं की ती रोज न चुकता पुढे म्हणायची, "थडीथडीनं जाजो." थडी म्हणजे काठ. नदीचा जोर मधे असतो. काठाला माणसाच्या हाताला झुडूप लागतं, मूळ लागतं, निदान पायाला माती तरी लागते.

मी तिला एकदा चिडवलं होतं. "इतवारीले एवढी वर्षं झाली नदीत, त्याले थडी समजत नाही का? काहून रोज सांगतं?"

"समजते ना," ती म्हणाली. "पन मले सांगतल्याबिगर भाकर जात नाही."

तिला एकुलता एक मुलगा. नाव छोटू, आणि उंची अशी की दारातून वाकून यावं लागे. वैनगंगेत त्याच्यासारखा पोहणारा त्या काठावर नव्हता. पण नदीत मासळीच राहिली नाही, आणि बाप-लेक दोघांनी एकाच डोंग्यात बसून करायचं काय? सिहोऱ्याचा रिंकू, छोटूच्याच वयाचा आणि त्याच्याच जातीचा, आधीच रत्नागिरीकडच्या एका बंदरावर मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून लागला होता. लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी छोटूही त्याच्याबरोबर गेला. बायको अंजू सासूपाशी राहिली. पाऊस लागायच्या आधी बोटी वर ओढतात तेव्हा पोरं घरी यायची, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा जायची.

पहिल्या वर्षी सखाबाईचा जीव नुसता टांगणीला लागलेला असायचा. तिला सगळ्यात जास्त काय खुपत होतं, तर छोटू तिच्या "जा"शिवाय पाण्यात जात होता. तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. मी एकदाच पाहिला होता, गणपतीपुळ्याला, तोही पायऱ्यांवरून. ती मला विचारायची, "केवढा अस्ते व? ह्या थडीवरून ती थडी दिसते का?" मी म्हणायची, "नाही दिसत." मग ती माश्या हाकत बसायची.

यावर तोड छोटूनंच काढली. मच्छीमारांच्या फोनवर रोज सकाळी समुद्राचा अंदाज येतो. एक बाई बोलते, वारा किती, कुठून, आभाळ कसं, लाटा किती उंच. बंदरावर नावं नोंदवून घेत होते तेव्हा ह्यानं स्वतःचा नंबर दिलाच नाही, आईचा दिला. आणि फोन करून सांगितलं, "माय, तुहा पाय काही रत्नागिरीले पुरत नाही. आता हे आयकून सांगत जाय मले, जाऊ का नाही मनून."

त्या दिवसापासून सखाबाईचा रंगच पालटला. धानाच्या बांध्यांनी वेढलेल्या आमच्या सिहोऱ्यात, जिथं समुद्राशी कुणाचं काही देणंघेणं नाही, तिथं रोज सकाळी माझ्या पायऱ्यांवरून समुद्राची खबर निघू लागली. बाजारातले लोक तिची फिरकी घ्यायचे. "सखाबाई, आज आमच्या धानाले पानी पडन का?" ती तोऱ्यात म्हणायची, "तुमचं मले नाही मालूम बापा. रत्नागिरीले वारा निवांत हाय." अंदाजात मीटर यायचे, ते तिला कळेनात. मी दुकानातली कापड मोजायची लोखंडी पट्टी आणून तिच्यासमोर उभी धरली. "हा एक मीटर. लाट एवढी." ती पट्टीशेजारी उभी राहिली, पट्टी कुठवर येते ते कमरेला हात लावून पाहिलं, आणि तेव्हापासून लाट दीड मीटर म्हटलं की तिचा हात आपोआप गळ्याशी जायचा.

तरी तिचा खरा भरवसा वाऱ्यावर. नदीत लाट उठवतो तो वारा. वारा पडला की वैनगंगा आरशासारखी. त्यामुळे अंदाजातला वारा आणि आभाळ ती कान देऊन ऐकायची, नंतरचं ऐकायची पण मनावर घ्यायची नाही. वारा हलका असला की लगेच छोटूला सांगायची, "जा. थडीथडीनं राहाजो." मोठी बोट थडीथडीनं जात नाही हे छोटूला माहीत होतं. तो हसून "हो माय" म्हणायचा आणि बोट जायची तिथं जायची. त्या "हो माय"वर सखाबाईचा दिवस जायचा.

मे संपत आला होता. मालकानं मोठी बोट जरा लवकरच वर ओढली. रिंकू आणि छोटूला घरी यायला मोकळीक होती, पण तिथल्याच एका माणसाची लहान होडी होती, त्याला जाळी उचलायला हात हवे होते. दोघं आठवडाभर थांबले. आंब्याची पेटी घेऊन येतो असं छोटूनं अंजूला कळवलं होतं. अंजूनं सासूला न सांगता माझ्याकडून नवीन साडी नेली होती, तो येईल तेव्हा नेसायला.

त्या सकाळी सखाबाई पायऱ्यांवर होती आणि मी दुकान झाडत होते, म्हणून सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं. फोन वाजला, अंदाज लागला. वारा हलका. आभाळ निरभ्र. सखाबाईनं मान डोलावली. मग ती फोनमधली बाई म्हणाली की दूरच्या समुद्रातून येणाऱ्या लांब लाटांमुळे किनाऱ्याजवळ अडीच मीटरपर्यंत उंच लाटा फुटतील, लहान होड्यांनी किनाऱ्यालगत राहू नये.

सखाबाईचा हात गळ्याच्याही वर, डोक्यावर गेला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "वारा नाही, आभाळ साफ, अन् लाट एवढी? कोन फुकून राहिलं मंग?"

मला हसू आलं. तीही हसली.

"अन् थडीपासून दूर राहा मनते," ती म्हणाली. "बाईले झोप लागली वाटते वाचता वाचता. थडी सोडून मानसानं जावं कोठी?"

मलाही ते पटलं. न पटायला काय झालं? पाण्यात भीती असेल तर काठ धरावा, हे लहान लेकरालाही कळतं. तेवढ्यात छोटूचा फोन आला. "माय, जाऊ का?"

ती एकदम उत्तर देईना. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे लोकांनी तोंडाला येईल ते बोलून घेतलं. अडीच मीटर तिच्या मनात राहिलंच होतं. तिनं विचारलं, "आभाळ कसं हाय तिकडे? वारा?" तो म्हणाला, "पानबी हालून नाही राहिलं." मग ती म्हणाली, "जा. पन लाट मोठी हाय मनते ती बाई. आज तं थडी सोडूच नोको. थडीथडीनंच राहाजो, तुले माही शपथ हाय."

"हो माय," छोटू म्हणाला.

मोठ्या बोटीवर असता तर त्या शपथेला काही अर्थ नव्हता. पण त्या दिवशी सुकाणू त्याच्याच हातात होतं.

दुपारी रिंकूचा फोन आला तेव्हा ती बपेऱ्याला परतली होती. तिथं काय झालं ते मी पाहिलं नाही, आणि नाही पाहिलं तेच बरं. संध्याकाळी मी पोहोचले तेव्हा ती अंगणात जाळ्याच्या ढिगावर बसलेली होती आणि एकच विचारत होती, "पोयता येते ना त्याले? पोयता येते ना?" होडी उलटून त्याच्या डोक्यावर आपटली होती. पोहता येत असून उपयोग नव्हता. त्याला समुद्रानं त्याच दिवशी बाहेर दिलं. एवढ्या उन्हाळ्यात, एवढ्या लांबून माणूस आणता येत नाही म्हणून इतवारी आणि त्याचा साळा तिकडे गेले आणि तिथंच त्याला अग्नी दिला. आईला, बायकोला तोंडही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंदाज आला. घर माणसांनी भरलेलं, आणि फोनमधली बाई वारा सांगू लागली. अंजू फोन बंद करायला धावली. सखाबाईनं तिचा हात धरला आणि सगळा अंदाज शेवटपर्यंत ऐकला. मग फोन पदराखाली घेतला आणि भिंतीकडे तोंड करून निजली. बायका म्हणत होत्या, देवाची मर्जी. मला राग आला. एवढ्या उंच पोराला बुडवायची कसली मर्जी? मी बोलले तसं तोंडावर. सखाबाईला त्याचं काही नव्हतं.

इतवारी अस्थी घेऊन आला, बरोबर रिंकू. मडक्याचं तोंड बांधायला कापड हवं होतं. मी दुकानातून कोरं पांढरं आणलं होतं. पट्टीला हात लावला नाही, अंदाजानंच फाडलं. सगळे नदीवर निघायचे म्हणून अंगणात जमले होते आणि सखाबाई रिंकूजवळ जाऊन बसली. तिनं त्याला फक्त एवढंच विचारलं, "कसं झालं रे बापू?"

रिंकूच्या कपाळावर अजून पट्टी होती. तो सांगत सुटला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, पण मला आजही वाटतं की त्याच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता.

"काकी, दुसऱ्या होडीवाले आवाज देऊन राहिले होते, आत या, आत या मनून. आत मंजे समुद्राकडे. तिकडे लाट नुसती उचलते अन् खाली ठेवते, फुटत नाही. फुटते ते थडीपाशी. मी मनलं छोटूले, चाल आत. पन तो मने, मायनं शपथ घातली हाय, थडी सोडाची नाही. आमी थडीथडीनंच होतो, काकी. त्यानं तुमचं आयकलं. अन् वारा काहीच नव्हता. मांगून आली एकदम, घरावढी."

इतवारीनं मडकं छातीशी घट्ट धरलं. मी सखाबाईचा खांदा धरला आणि म्हणाले, "तुले काय मालूम व? मले तरी कोठी मालूम होतं? मीबी हासली ना तुह्यासंग."

ती रडली नाही. रिंकूच्या पट्टीकडे बघत हळूच म्हणाली, "धरनाची दारं उघडते तेवा आपलं आभाळ कोठी भरलं राहते? दुरून येते पानी. मले मालूम होतं ते, मंजूबाई. पायाले मालूम होतं. समुद्रालेबी वरचं अंग असते, हेच नाही सुचलं." मग म्हणाली, "अन् सुचलं असतं तरी मी थडीच सांगतली असती. मले दुसरं येते काय?"

ते खरंच होतं. समुद्राची ती बाई सगळं नीट सांगत होती, आणि सखाबाई वैनगंगेवर उभी राहून ऐकत होती.

आम्ही नदीवर गेलो. उन्हाळ्यातलं पाणी, मधे वाळूचे पट्टे उघडे पडलेले, पलीकडे मध्य प्रदेशातली झाडं दिसत होती. इतवारी मडकं घेऊन डोंग्यात बसला. खोल पाण्यात, धार आहे तिथं सोडायचं होतं. पुढे रिंकू बसला. बायका काठावर उभ्या राहिल्या. सगळं तयार होतं आणि डोंगा सुटत नव्हता.

मला आधी कळेना. मग लक्षात आलं की इतवारीनं बांबू हातात धरलाय आणि तो सखाबाईकडे बघतोय. लोकही बघायला लागले. त्या घरातला डोंगा तिच्या शब्दाशिवाय कधी सुटला नव्हता, आणि त्या भल्या माणसाला आज तरी तो सोडून द्यावा हे सुचत नव्हतं. मला त्याचा संताप आला आणि त्याच वेळी रडूही आलं. एक म्हातारी पुटपुटली, "आज राहू दे ना बापा." अंजू पुढे झाली, तिनं पाण्यात पाय ठेवायला साडी वर धरली. तीच साडी, माझ्या दुकानातली. घरात दुसरी कोरी नव्हती, म्हणून आज नेसली होती.

सखाबाईनं तिला मागं केलं. "तू नोको. तुह्या मांगं कशाले लावू हे?"

ती स्वतः पाण्यात उतरली. घोटाभर पाण्यात उभी राहिली. मान खाली. पायाची बोटं रेतीत हलताना वरून दिसत होती, पाणी एवढं नितळ होतं. ती फार वेळ उभी होती. कुणी घाई केली नाही. एकदा तिनं वरच्या अंगाला, धार येते तिकडे पाहिलं, खूप दूरवर, जिथं पाहायचं राहून गेलं होतं तिकडे पाहावं तसं.

मग ती म्हणाली, "जा."

इतवारीनं बांबू रोवला आणि डोंगा हलला. हातभर गेला असेल नसेल, तोच मागून तिचाच आवाज आला, रोजचा, बाजारात मला रागे भरायची तसला खणखणीत.

"थडीथडीनं जाजो, छोटूच्या बाबा."

आणि ते ऐकून तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबलं. आम्ही तिला पाण्यातून वर घेतलं. मडकं मधल्या धारेत सोडायचं होतं, तरी इतवारीनं "हो" म्हणून मान हलवली आणि डोंगा काठाकाठानं नेला.